मेहुण्याची उंची

माझी मुलगी गोलकीपर झाली ती माझ्या मेहुण्याच्या उंचीमुळे. आमच्या घरात हे वाक्य सगळे हसत हसत म्हणतात. मीही हसतो. हसताना दात दिसतात, पोटात काय दुखतंय ते दिसत नाही, तेवढंच बरं आहे.

माझी स्वतःची उंची सांगण्यासारखी नाही. सातपूरच्या एका कारखान्यात मी इन्स्पेक्शनला आहे. मशीनवरून उतरलेला सुटा भाग, आमच्या भाषेत जॉब, दिवसभर मापाच्या गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पास, अडला तर रिजेक्ट. तिथल्या वरच्या रॅकवरचं काही हवं असलं की मला दुसऱ्या कुणाला तरी हाक मारावी लागते. पण फुटबॉलमध्ये याच बांध्याने मला नाव मिळवून दिलं होतं. कॉलेजात आणि नंतर कंपनीच्या टीममध्ये मी फॉरवर्ड खेळायचो. आखूड पाय, जाड मांड्या, बूड जमिनीजवळ. एखादा उंच डिफेंडर धक्का द्यायला अंगावर आला की तोच धडपडायचा आणि मी चेंडू घेऊन वळलेला असायचो. ‘मूर्ती लहान पण कीर्ती महान’ असं लोक म्हणायचे. ही म्हण मला शाळेपासून आवडत नाही, कारण ती म्हणणारा माणूस नेहमी उंच असतो.

मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातच सासूबाई म्हणाल्या, “मामावर गेलीय गं!” पोर तेव्हा दुपट्यात गुंडाळलेली, डोळेसुद्धा नीट उघडत नव्हती, कुणावर जाण्याइतका तिला वेळच मिळाला नव्हता. तरी नर्सपासून शेजारच्या खाटेवरच्या बाईपर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझी सासुरवाडी येवल्याची, पैठणी विणणारी. सासरे आयुष्यभर मागावर बसलेले, त्यामुळे ते उभे राहिल्याशिवाय त्यांची उंची कुणाला कळत नसे. ती सगळी उंची माझ्या मेहुण्याने घेतली, बहिणीच्या वाट्याला काही ठेवली नाही. माझी बायको माझ्याहूनही बोटभर कमीच आहे. मेहुणा मात्र ताडमाड. नाशिकला बँकेत आहे, आमच्या जवळच राहतो आणि बहिणीकडे येण्यासाठी त्याला निमित्त लागत नाही. आम्ही तळमजल्यावर राहतो. तो येत असला की बेल वाजायच्या आधी खिडकीतून त्याचं डोकं जाताना दिसतं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

आपल्याकडे मामाचं एक बरं असतं. मूल वाढवायचं बापाने आणि मान घ्यायचा मामाने. जावळ काढलं तेव्हा ती मामाच्या मांडीवर. कान टोचले तेव्हाही मामाच्याच मांडीवर, आणि मी शेजारी तिचं टोपडं धरून उभा. त्या फोटोत माझा अर्धा हात आलाय. उद्या तिच्या लग्नातसुद्धा तिला बोहल्यावर मामाच घेऊन येणार आणि मी पंगतीत मीठ वाढलं का बघत फिरणार. याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण मी तसं बोललो की बायको म्हणते, “अहो, रीत आहे ती.” रीत आहे हे मलाही माहीत आहे.

फुटबॉल मात्र तिला मी दिला, हे कुणाच्या बापाला नाकारता येणार नाही. आमच्या बिल्डिंगच्या मागे पार्किंगची एक मोकळी पट्टी आहे. शिफ्टवरून आलो, चहा घेतला की आम्ही दोघं खाली. माझ्या मनात तिला फॉरवर्ड करायचं होतं. मी तिला चेंडू पायाखाली दाबून वळायला शिकवायचो, आणि ती वाकून तो हातात उचलून घ्यायची. “हात नाही गं, पाय!” म्हणून घसा कोरडा पडला माझा. ती म्हणायची, “पण पप्पा, पकडायलाच मजा येते.” शेवटी मी तिला दोन स्कूटरींच्या मध्ये उभं केलं आणि म्हटलं, घे, पकड. तेव्हापासून मी मारणारा आणि ती अडवणारी. आमचा एकच नियम होता, ज्याने मारला त्यानेच चेंडू आणायचा. तिने ढकललेला चेंडू कंपाउंडच्या कडेला, कधी वॉचमनच्या खोलीत, कधी कुणाच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर जायचा. नियम पाळता पाळता आणि शेजारणींची बोलणी खाता खाता माझा चांगला व्यायाम व्हायचा.

ती तेरा वर्षांची झाली तेव्हा तिला गंगापूर रोडकडच्या एका मैदानावर मुलींच्या टीममध्ये घातलं. तिथले सर जुने खेळाडू. शिकवायचे मनापासून, पण त्यांना एक नाद होता. शरीर बघून खेळाडूची जागा ठरवायची. उंच आणि लांब हातांची मुलगी गोलमध्ये. रुंद खांद्यांची, हाडापेराने मजबूत ती मागे, स्टॉपरला. काटक, न दमणारी ती मध्यभागी. अंगावर मांस नसलेली, वाऱ्यासारखी पळणारी ती कडेला. मध्यंतरी त्यांनी एक काटाही आणला होता. त्यावर अनवाणी उभं राहिलं की अंगात चरबी किती आणि स्नायू किती ते तो सांगायचा. पोरी एकमेकींचे आकडे बघून रुसायला लागल्या. माझी पोरगी घरी येऊन अर्धी पोळी ताटातच ठेवायला लागली, तेव्हा बायकोने सरांना फोनवर असं झापलं की काटा परत कपाटात गेला. सरांच्या डोळ्यातला काटा मात्र जिथल्या तिथे राहिला.

गोलसाठी दोघी होत्या. एक माझी आणि दुसरी तिच्याहून वीतभर उंच. कुणालाही वाटेल, प्रश्न मिटला. पण सर म्हणाले, आजची उंची बघून माणूस फसतो. या वयात एखादी मुलगी वर्षात भसाभस वाढते आणि एखादी आहे तिथेच थांबते. “मुलगी नाही बघायची, मुलीचे आई-बाप बघायचे. खाण तशी माती. रविवारी पालकांना घेऊन या.”

म्हणजे बघण्याचा कार्यक्रमच, फक्त यात मुलगी बाजूला आणि आई-बापच दाखवायचे.

नेमकं त्या रविवारी कंपनीत ऑडिटची तयारी चालली होती आणि मला सुटी मिळाली नाही. आमच्याकडे बाप रिकामा नसला की मामा जातो, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. शाळेच्या पालकसभेला तोच गेला होता, दाताच्या डॉक्टरकडेही तोच. तेव्हा बायकोबरोबर मेहुणा गेला. सरांनी आधी बायकोकडे पाहिलं. मग मान वर करत, अजून वर करत मेहुण्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “झालं. आई लहानखुरी आहे, पण पोरगी वडलांवर जाणार. गोलमध्ये हीच.” दुसऱ्या मुलीचे आई-वडील दोघंही बेताच्या उंचीचे निघाले. तिला सांगितलं, तुझी वाढ झाली तेवढी झाली, तू राखीव.

कुणी खोटं बोललं नाही. सरांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. मेहुण्याला त्यांनी विचारलं ते एवढंच, “साहेब, तुम्ही काय खेळायचात?” तो म्हणाला, “कॅरम.” यावर सर पोट धरून हसले म्हणे. उंच माणसाचा विनोद लोकांना लवकर पटतो.

दुपारी मी घरी पोचलो तर मिसळीची पार्सलं उघडलेली आणि मेहुणा सरांसारखी मान वर करून दाखवतोय. बायको डोळे पुसत हसतेय. पोरगी तर पाय जमिनीवर ठेवायला तयार नव्हती. मी हात धुतले, पाव घेतला आणि जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, “मग सरांना सांगून टाका की, बाप वेगळा आहे.”

पोरीचे पाय जमिनीवर आले. मग मुलगी म्हणाली, “पप्पा, नका ना. त्यांनी तुम्हाला बघितलं तर मला काढतील.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या बाबतीत अंतर कमी आहे, त्यामुळे लवकर गेली.

“म्हणजे मी ग्राउंडवर यायचंच नाही?”

“अहो, थोडे दिवस,” बायको म्हणाली. “तिची जागा पक्की होईपर्यंत.”

“दाजी, मी काय मुद्दाम केलं का?” मेहुणा म्हणाला. त्याच्या मिशीला रस्सा लागला होता आणि चेहरा खरंच पडला होता. मुद्दाम केलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

मग सुरू झाला माझा वनवास. रविवारी सकाळी मी पोरीला स्कूटरवर मैदानापर्यंत न्यायचो, पण फाटकाच्या आधीच्या वळणावर ती उतरायची. तिथून पुढे मामा. मी गाडी वळवून घरी जातोय असं दाखवायचो आणि मैदानाच्या मागच्या अंगाला चहाच्या टपरीपाशी जाऊन थांबायचो. तिथे कंपाउंडची भिंत आहे. धड माणसाला ती छातीपर्यंत येते, माझ्या नाकापर्यंत येते. स्कूटर मधल्या स्टँडवर लावून तिच्या पायदानावर उभं राहिलं की एका बाजूचा गोल दिसायचा. हाफटाइमनंतर टीम बाजू बदलतात, त्यामुळे माझ्या वाट्याला पोरगी अर्धाच खेळ यायची. उरलेला अर्धा वेळ मला मेहुणा दिसायचा.

तो बरा दिसायचा तिथे, हे कबूल करावं लागेल. लाइनच्या कडेला हाताची घडी घालून उभा. इतर पालक येऊन त्याच्या हातात हात द्यायचे. “काय हो पप्पा, आज पोरीने वाचवलं आपल्याला!” आणि तो म्हणायचा, “थँक यू.” थँक यू! कशाबद्दल? पार्किंगमध्ये कुरडयांवरून बोलणी खाल्ली होती का त्याने? ‘मी मामा आहे’ एवढं म्हणायला त्याचं काय जात होतं? पण त्याचं काही जात नव्हतं, पोरीची जागा जात होती, आणि ते मलाही कळत होतं. म्हणून मी पायदानावर उभा राहून चहा गार करायचो. मला त्याच्या उंचीचा हेवा वाटायचा, त्याच्या लांब हातांचा वाटायचा, आणि सगळ्यात जास्त वाटायचा तो त्याला भिंतीच्या आत उभं राहता येतं याचा.

एका गोष्टीवर मात्र माझं बारीक लक्ष होतं. मैदानावर ती त्याला हाकच मारायची नाही. मामा म्हटलं तर भांडं फुटणार, आणि पप्पा म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. मग नुसतं “इकडे बघा”, “बाटली द्या” असं चालायचं. ‘पप्पा’ हा शब्द त्या मैदानावर तिने एकदाही काढला नाही. त्याला म्हणाली नाही आणि मला म्हणायची सोय नव्हती. त्या एका शब्दावर मी सगळा सीझन काढला.

त्यात मेहुण्याने ग्लोव्हज आणले. साधे नाहीत, हिरवेगार, तळव्याला जाड फोम असलेले, मनगटावर रुंद पट्टा. पोरगी ते घालून घरभर फिरायला लागली. पाण्याचा ग्लाससुद्धा ते घालूनच उचलायची. झोपताना उशाशी. त्याच महिन्यात मी तिला नवे शूज घेतले होते, ते दाराबाहेर चपलांमध्ये पडलेले असायचे. शूज दाराबाहेरच असतात हे खरं आहे, पण मला ते लागलं.

संध्याकाळचा आमचा खेळ चालूच होता आणि आता मी नेम धरायचो तो सरळ त्या ग्लोव्हजवर. कोपऱ्यात मारायचं सोडून देऊन मी त्या हिरव्या तळव्यांवर मारायचो, जीव खाऊन. थाड आवाज झाला की जरा गार वाटायचं. एकदा तरी याची शिवण उसवावी, असं देवाकडे मागायचो. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून म्हणायच्या, “अहो, लेकरू आहे ते, जरा हळू.” मी म्हणायचो, “सराव आहे, काकू.” पोरगी हात चोळायची आणि म्हणायची, “अजून एक.”

हे चालू असताना ती एक गोष्ट शिकली, जी मी तिला शिकवली नव्हती. लांब पायांचा माणूस शॉट मारतो तेव्हा त्याचा पाय आधी मागे जातो, मग पुढे येतो, आणि तेवढ्यात चेंडू कुठे येणार ते कळतं. माझ्यासारख्या आखूड पायाच्या माणसाला पाय मागे न्यावाच लागत नाही. तिथल्या तिथे बसतो फटका, आणि पायाकडे बघणारा कीपर बघतच राहतो. पोरीने माझ्या पायाकडे बघायचंच सोडून दिलं होतं. ती माझ्या कमरेकडे बघायची. एकदा जिना चढताना सहज म्हणाली, “पप्पा, तुमचं पोट ज्या बाजूला वळतं ना, चेंडू तिकडेच येतो.” पोटाचा कुणाला काही उपयोग होतोय हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

थंडीतल्या एका रविवारी पेठकडच्या एका आश्रमशाळेच्या मुली मॅच खेळायला आल्या. जीपमधून उतरल्या तेव्हा आमच्या पोरींच्या खांद्याला लागत होत्या. सरांनी त्यांना एकदा नजरेने तोलून घेतलं आणि निर्धास्त झाले. मग मॅच सुरू झाली आणि त्या पोरींनी आमच्या धिप्पाड स्टॉपरला आणि सडपातळ विंगरला असं काही पळवलं की सरांनी मफलर काढून हातात घेतला. त्यांची फॉरवर्ड तर थेट माझ्या साच्यातली. ठेंगणी, जाड मांड्यांची, धक्का मारला तर मारणारीच पडावी अशी. तिला बघून मला पोटातून बरं वाटलं. आणि लगेच भीती वाटली, कारण ती माझ्या पोरीच्या गोलकडे निघाली होती.

शेवटची काही मिनिटं राहिली होती, दोन्हीकडे एकेक गोल. सुदैवाने माझी पोरगी माझ्या बाजूच्या गोलमध्ये होती. ती ठेंगणी स्टॉपरला गुंगारा देऊन एकटी आत शिरली. सर ओरडले, “पुढे ये, पायाकडे बघ, पायाकडे!” पोरगी जागची हलली नाही. तिची नजर मला इथून दिसत नव्हती, पण ती कुठे असेल ते मला माहीत होतं. त्या मुलीची कंबर जरा वळली, आणि फटका बसायच्या आत माझी पोरगी डावीकडे आडवी झाली होती. चेंडू ग्लोव्हजवर आपटून बाहेर गेला.

“शाब्बास!” मी ओरडलो आणि उडी मारली. पायदान ही उडी मारायची जागा नाही. स्कूटर स्टँडवरून निसटली आणि मी तिच्यासकट खाली आलो. टपरीवाल्याने आधी दुधाचं पातेलं सावरलं आणि मग मला.

मॅच बरोबरीत सुटली. मी भिंतीला टेकून कोपर झाडत होतो, तेव्हा पलीकडून सरांचा आवाज आला. “कमरेकडे बघायला कुणी शिकवलं हिला? मी तर नाही शिकवलं. तुम्ही?”

“मी?” मेहुणा म्हणाला. “छे हो! मला काय कळतंय त्यातलं. रोज संध्याकाळी तिचे पप्पा मारतात ना शॉट, त्यातनं शिकली असेल.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“तिचे पप्पा? मग तुम्ही कोण?”

पुढचं मला ऐकायची गरज नव्हती. मी भिंतीच्या कडेने चालत फाटकातून आत गेलो, सगळा सीझन ज्यातून गेलो नव्हतो त्या फाटकातून. पँटला चहा लागला होता. सरांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी रोज जॉब बघतो तसंच पाहिलं, आणि वेळही तेवढाच लागला.

“अच्छा,” ते म्हणाले. “म्हणजे उंची येणार नाही.”

दुसऱ्या मुलीची आई तिथेच उभी होती. ती म्हणाली, “सर, मग आमच्या मुलीला राखीव का ठेवलं? आई-बाप दोन्हीकडचे सारखेच. आणि आमची तर आत्ताच उंच आहे.” बाईचं चुकलं नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर याहून मोठ्याने बोललो असतो. माझ्या पोरीने ग्लोव्हज घातलेले हात काखेत दाबून धरले होते आणि ती माझ्याकडे बघत होती. रागाने बघितलं असतं तर परवडलं असतं. तिने नुसतं बघितलं.

सरांनी मफलर परत गळ्यात टाकला. “दोघींना उभं करू गोलमध्ये,” ते म्हणाले. “अडवेल ती राहील.” त्यांनी स्वतः दोघींवर शॉट मारले. दोघींनी काही अडवले, काही सोडले, आणि शेवटी दोघी बरोबरीतच राहिल्या. सर गुडघा धरून उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. “घरी तुम्ही मारता ना? या. दोघींना एकेक.”

“सर, बाप आहे तो,” ती बाई म्हणाली. “स्वतःच्या पोरीला काय जोरात मारणार आहे?”

आधी तिची मुलगी उभी राहिली. मी चांगला मारला, कोपऱ्यात मारला. त्या पोरीने आपला लांब हात असा काही टाकला की चेंडू बोटांना लागून खांबावर आपटला आणि बाहेर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या आणि मनात म्हटलं, मेलो.

मग माझी.

चेंडू ठेवायला मी वाकलो आणि वाकूनच राहिलो. हळू मारला तर सगळ्यांना दिसणार, आणि तिलाही. जोरात मारला आणि गोल झाला तर माझ्याच पायाने तिची जागा जाणार. आणि खरं सांगायचं तर तिसराही एक विचार आला. गोल झाला तर सर तिला पुढे खेळवतील. बांधा माझा, मांड्या माझ्या, फॉरवर्डच होईल ती. हे हिरवे ग्लोव्हज कपाटात जातील आणि या मैदानावर पुन्हा कधी कुणी मेहुण्याला पप्पा म्हणणार नाही. हा विचार गोड होता. मला अजून त्याची चव आठवते.

“हळू नका मारू,” ती गोलमधून ओरडली. मी मान वर केली. ती कमरेत वाकून, हात पसरून उभी होती. “घरी मामाला मारता ना, तसं मारा!”

मला वाटलं होतं, हे कुणालाच माहीत नाही.

“मला?” मेहुणा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तिच्या हातातल्या ग्लोव्हजकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बहुतेक त्याला कळलं, कारण त्याने हळूच दोन्ही हात खिशात घातले.

मी मारला. घरी मारतो तसा, जीव खाऊन, सगळं मनात असलेलं घालून. माझं पोट कुठे वळलं मला माहीत नाही, तिला माहीत होतं. ती उजवीकडे झेपावली, चेंडू उजव्या ग्लोव्हवर थाड बसला आणि गोलवरून उडून थेट मागच्या भिंतीपर्यंत गेला. ग्लोव्हच्या अंगठ्याची शिवण टरकन फाटली. इतके दिवस देवाकडे मागितलं ते त्याने दिलं एकदाचं.

सर म्हणाले, “गोलमध्ये हीच.” मग जरा थांबून, “उंचीचं पुढे बघू.” दुसऱ्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून ते तिला म्हणाले, “तुला स्टॉपरला घेतो. आज आपल्याला तिथेच मार पडला.”

माझी पोरगी उठली आणि धावत सुटली. माझे हात जरासे पुढे आले होते, पाहिलं असेल कुणीतरी. ती माझ्या बाजूने गेली आणि मेहुण्यासमोर जाऊन थांबली. “मामा, फाटला!” तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. गुडघ्यांवर बसूनही तो तिच्या खांद्याच्या वर येत होता. दोघं डोकी जवळ आणून त्या अंगठ्याकडे बघत राहिले, जसं काही अंगठाच तुटला होता.

मी हात खाली घेतले. मारणाऱ्यानेच चेंडू आणायचा, आमचा नियम आहे. मी भिंतीकडे चालायला लागलो. चेंडू अगदी टपरीच्या बाजूला, जिथे मी पलीकडून उभा राहायचो तिथे अलीकडे पडला होता. मी वाकून तो उचलला.

“पप्पा!” मागून हाक आली. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी. “पप्पा, अजून एक!”

ऐकू आलं होतं मला. तरी मी लगेच वळलो नाही. तिला परत एकदा म्हणू दिलं.